मॅटवरचा बोलर

"तीन ओव्हरमध्ये सहा चौकार. अजून किती पाहुणचार करायचाय?" कॅप्टनने विचारलं. पुण्याचाच असल्यामुळे आवाज अजिबात न चढवता.

राज्याच्या टीमकडून ही माझी पहिलीच मॅच होती, आणि वय एकतीस. तोवर मी कंपन्यांच्या टीममधून खेळायचो. स्पोर्ट्स कोट्यातली नोकरी म्हणजे सकाळी स्टोअरमध्ये हजेरी, दुपारनंतर ग्राउंड. ही तिसरी कंपनी. पण उदारीकरण आलं तसे नवे साहेब आले आणि खर्च कापू लागले. पर्सोनेल मॅनेजर देशपांडे स्पष्टच म्हणाले होते, "कोट्यातली एकच जागा पर्मनंट होणार. राज्याच्या टीममध्ये टिकलात तर तुमची. नाहीतर आपण मोकळे." खडकीच्या भाड्याच्या खोलीत बायको आणि दोन मुलं होती. मोकळं होणं परवडणारं नव्हतं.

कंपन्यांच्या मॅचेस मॅटवर व्हायच्या. काथ्याची जाड चटई जमिनीवर ताणून खिळ्यांनी ठोकायची. तिच्यावर टप्पा जरा आखूड टाकला की चेंडू छातीशी उसळतो. त्याच चेंडूवर माझं पोट चाललं होतं. इथे पिच मातीची. तोच चेंडू कमरेशी येत होता आणि बॅट्समन सावकाश बघून हाणत होता.

चीड वेगळ्याच गोष्टीची येत होती. सकाळी रोलर फिरवताना माळी बबनराव मला म्हणाले होते, "सायेब, हितं चेंडू उसळत न्हाय. फुडं टाका." मी नुसती मान डोलावली. माळ्याकडून बोलिंग शिकायची वेळ अजून आली नाही, असं मनात म्हणालो.

लंचनंतर कॅप्टनने नाइलाजाने पुन्हा बॉल दिला. मी टप्पा पुढे टाकला. दुसऱ्याच चेंडूवर मधला स्टंप उडाला. मग पाच ओव्हर एकही चौकार गेला नाही. पण सकाळचं नुकसान भरून निघालं नाही. पुढच्या मॅचच्या यादीत माझं नाव नव्हतं. महिन्याभरात नोकरीही गेली.

त्या मॅचच्या संध्याकाळी मी बॅग भरत असताना बबनराव जवळ आले होते. "दुपारी ब्येस टाकलंत," एवढंच म्हणाले होते. टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.

नंतर चार नोकऱ्या झाल्या. एकीतही मन रमलं नाही. आता येरवड्याजवळच्या एका आयटी कंपनीत अ‍ॅडमिन बघतो. कुठेही रुजू झालो की साहेबांच्या केबिनआधी हाऊसकीपिंगवाल्यांना गाठतो आणि इथे काय चालतं, काय नाही, ते विचारून घेतो. साहेब लोकांना हे विचित्र वाटतं. वाटू दे.

मीटिंग लांबली की टेबलाखाली माझी बोटं अजून चेंडूची शिवण शोधतात. मनातला टप्पा हल्ली अचूक पुढे पडतो. मॅच मात्र ती एकच होती.