नेट गेलं वाटतं

गल्लीत त्यांना लिनक्सकाका म्हणत, आणि ते कौतुकानं नव्हे. कारखान्यात फिटर म्हणून हयात गेली. निवृत्तीनंतर पुतण्यानं जुन्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी फुकटातलं लिनक्स घालून दिलं आणि स्वारी त्याच्या नादाला लागली. लोक नवं मशीन आणत, हे जुन्यालाच कुरवाळत बसत.

रविवारी मात्र या हौसेची पार लाज निघे. लांबच्या शहरातल्या लेकीचा व्हिडिओ कॉल असे. काकू केस विंचरून, चांगली साडी नेसून आधीच येऊन बसत. चार वाक्यं होताहेत तोच लेकीचा चेहरा गोठायचा आणि कॉल तुटायचा.

"तुमच्या या डबड्यापायी पोरीचं तोंड दिसत नाही मला," काकू म्हणायच्या. "मी मेल्यावर दुरुस्त करा!"

ते काकांच्या जिव्हारी लागलं. राउटर लोखंडी कपाटामागून बाहेर काढला, मशीनच्या नोंदींचे लॉग वाचून डोळे फोडून घेतले, इंटरनेटवर मदत मागून अनोळखी पोरांची बोलणी खाल्ली. शेवटी चोर सापडला. वीज वाचवायला वायफायचं कार्ड मधूनच डुलक्या काढत होतं. काकांनी सेटिंग बदलून त्याची झोप मोडली. मग आठवडाभर नेट एकदाही तुटलं नाही. काका पोरासारखे खूश झाले.

रविवारी चित्र आरशासारखं स्वच्छ आलं. काकूंनी गुडघ्याचं गाऱ्हाणं सुरू केलं. लेकीनं "हं, हं" केलं, आणि एकदम तिचा चेहरा गोठला. तोंड अर्धवट उघडं, पापणी हलेना.

तिच्या मागे पंखा गरागरा फिरत होता. खिडकीचा पडदाही हलत होता.

काका बघत राहिले. पोटची पोर श्वास रोखून बसली होती. मग पडदा हलायचा थांबण्याआधीच तिनं कॉल बंद केला. पाठोपाठ मेसेज आला: "बाबा, तुमचं नेट गेलं वाटतं."

काकूंची नजर अधू, पण कान तिखट. "अहो, पंख्याचा आवाज तर येत होता," त्या हळूच म्हणाल्या. "नेटच गेलं ना? का तिनंच...?"

"छे गं! माझ्याच मशीनमध्ये खोट आहे. मला जमलंच नाही ते."

काकूंच्या जिवात जीव आला. मग त्यांनी नवऱ्याला पोटभर झापलं, आणि काका मान खाली घालून ऐकत राहिले.