गाडी कुठं पोचली

मधुवंती शिप्पूरकरांबद्दल आमच्या कॉलेजात कुणालाही विचारा, दोन गोष्टी ऐकायला मिळतील. मॅडम गणित चांगलं शिकवतात आणि डबा एकट्या खातात. तिसरी गोष्ट कुणी सांगणार नाही, कारण ती विचारायची तसदी कुणी घेतलेलीच नाही. मी त्याच कॉलेजात जन्मभर फिजिक्स शिकवलं. स्टाफरूममधली ही माणसं मला चांगली ठाऊक आहेत, आणि अजून मला त्यांचा राग येतो.

बाई मूळच्या निपाणीच्या. वडील मारुतीराव तंबाखूचे व्यापारी, गावात वखार, दाराशी ट्रक. आई लवकर वारली. पोरीनं पुण्याला जाऊन गणितात डॉक्टरेट केली, परदेशातून बोलावणंही आलं होतं, पण वडील एकटे म्हणून ती बेळगावात नोकरीला लागली. लग्नाचं दोनतीनदा ठरता ठरता राहिलं. पुढे कुणी ठरवायला आलं नाही. टिळकवाडीत दोन खोल्या, दर रविवारी कोल्हापूर गाडीनं निपाणी, संध्याकाळी परत. वडिलांना बेळगावला आणून पाहिलं, पण तंबाखूच्या वासाशिवाय त्यांना झोप लागेना.

आता ती तिसरी गोष्ट. बाईंनी तरुणपणी एक शोधनिबंध लिहिला होता. मला त्यांनी तो समजावला तो वडिलांना सांगितला होता तसाच. निपाणीच्या अलीकडे तवंदी घाट आहे. समजा, दाट धुक्यात एक ट्रक त्या घाटातून खाली यायचा आहे. ड्रायव्हरला दरी दिसत नाही, रस्ता दिसत नाही, चाकाखालचा उतार तेवढा कळतो. तो बघून थोडं खाली यायचं, परत उतार बघायचा, परत थोडं खाली. घाट परातीसारखा गुळगुळीत, एकाच खोलगट पोटाचा असता तर प्रश्न नव्हता. पण खरे प्रश्न तसे नसतात. मध्येच खड्डे, मध्येच कडे, आणि काही जागी रस्ता असा मोडलेला की उतार नेमका कुठल्या बाजूला तेच सांगता येत नाही. अशा घाटातही गाडी उतरवायची एक रीत बाईंनी काढली होती, आणि त्या रीतीनं गाडी नक्की एका जागी येऊन थांबते असं सिद्ध केलं होतं. ती जागा सगळ्यात खोल असेलच असं नाही. जिथून पुढे उतार सापडत नाही अशी एक जागा, एवढंच. मी म्हटलं, म्हणजे बेळगाव. बाई हसल्या. त्यांना हसताना मी फार वेळा पाहिलेलं नाही.

मारुतीरावांच्या डोक्यात तो ट्रक पक्का बसला. त्यांचे स्वतःचे ट्रक त्याच घाटानं उतरलेले. रविवारी लेक उंबऱ्याशी चप्पल काढत असतानाच ते विचारायचे, "मधू, पोचली का गं गाडी?" ती म्हणायची, "पोचली आप्पा." मग जेवण. पुढे वय झालं, विसराळूपण आलं. तारीख गेली, शेजाऱ्यांची नावं गेली, वखार विकली तेही गेलं. गाडी मात्र राहिली. अख्ख्या जगात तो निबंध कुणी वाचला असेल-नसेल, पण त्याबद्दल विचारणारा एक माणूस होता आणि तो दर रविवारी विचारत होता.

एका रविवारी त्यांनी नेहमीचं विचारलं, तिनं नेहमीचं सांगितलं. विसरलेल्या माणसासारखं त्यांनी पुढे विचारलं, "कुठं?"

ती काहीतरी बोलून गेली. पण परतीच्या गाडीत तो शब्द तिच्या मागे लागला. घरी येऊन तिनं आपला निबंध पुन्हा काढला, आणि त्यात भोक सापडलं.

भोक असं होतं. गाडी सतत खाली येते हे तिनं नीट सिद्ध केलं होतं. पावलं लहान लहान होत जातात हेही बरोबर होतं. त्यावरून ती धरून चालली होती की गाडी थांबते. पण पावलं लहान होत गेली म्हणून गाडी थांबलीच पाहिजे असं नाही. एखाद्या तळ्याभोवती ती बारीक बारीक पावलं टाकत जन्मभर फिरत राहील, दर खेपेला केसभर खाली, आणि कधीच एका ठिकाणी ठरणार नाही. फिरता फिरता ती ज्या जागेजवळून पुन्हा पुन्हा जाते, तेवढेच क्षण बाईंनी निवडून पाहिले होते आणि तिथंच मुक्काम आहे असं लिहून टाकलं होतं. ही चूक गणितवाल्यांचीच. आम्ही फिजिक्सवाले गाडी थांबली का ते डोळ्यांनी बघून मोकळे झालो असतो.

छापणाऱ्या मासिकाला दुरुस्ती कळवायची, असं त्यांनी विभागप्रमुखांना सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, तपासणी समिती येणार आहे. कुणी बोट दाखवलंय का? नाही ना? मग कशाला?" बाईंनी तरीही कळवलं. संपादकांचं उत्तर सभ्य होतं. या निबंधाचा आधार आजवर कुणी घेतल्याचं दिसत नाही, तेव्हा दुरुस्तीची निकड नाही. इच्छा असल्यास टिपण पाठवावं. मेल मला दाखवताना बाई म्हणाल्या, "चूक सापडल्याचं काही नाही हो सर. ती इतकी वर्षं कुणाला सापडली नाही, याचं वाईट वाटतं."

पुढच्या रविवारी वडिलांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "न्हाय आप्पा, अजून वाटंत हाय." म्हातारा जेवला नाही. गाडी घाटात अडकली म्हणून दिवसभर दारात बसून राहिला. शालूबाई, म्हणजे त्यांचं सगळं बघणारी बाई, चिडली. "व्हय म्हणून सांगायचं की वो ताई. त्यास्नी काय कळतंय?" पण बाईंना ते जमेना. पोचली म्हणायचं तर ती खरीच पोचली पाहिजे, आणि आप्पांना प्रश्न आठवतोय तोवर पोचली पाहिजे. म्हाताऱ्याच्या आठवणीशी शर्यत लावून ती बाई कामाला बसली. लेक्चर, पेपर तपासणी, आणि उरलेला सगळा वेळ तो घाट.

वर्ष गेलं. अखेर जमलं. घाट कसाही मोडका असो, तळाशी येताना त्याचा उतार फार आळसावणारा नसेल, तर गाडीनं कापलेलं सगळं अंतर मिळून मर्यादितच भरतं. आणि अंतर मर्यादित असेल तर ती कायम फिरत राहू शकत नाही. एका जागी, एकाच जागी, ठरते. असल्या घाटांवर इतरांनी आधी काम केलेलं होतं. आपली रीत त्यात कशी बसते ते बाईंनी दाखवलं. शनिवारी त्यांचा फोन आला. आवाज ओळखू येईना इतका मोकळा होता. मी म्हटलं, उद्या बस नको, माझ्या गाडीनं जाऊ.

तवंदी घाट उतरताना ऊन स्वच्छ होतं. बाई खिडकीतून बघत होत्या आणि मध्येच स्वतःशी हसत होत्या.

मारुतीराव सोप्यात खुर्चीवर बसले होते. बाईंनी उंबऱ्याशी चप्पल काढली, आणि जरा जास्तच वेळ लावून काढली. नेहमीचा प्रश्न आला नाही. शालूबाईनं चहा आणला. म्हाताऱ्यानं माझ्याकडे बघितलं, मग लेकीकडे बघितलं. "कुठनं आलासा?"

"बेळगावासनं," बाई म्हणाल्या.

"लांबनं आलासा. बसा, च्या घ्या." मग त्यांचा चेहरा उजळला. "माझी लेक बी बेळगावातच असती. लई शिकल्याली हाय. ऐतवारी येती."

शालूबाईनं तोंड फिरवलं. बाईंनी कप खाली ठेवला.

"तिची एक गाडी घाटात अडकलीया," म्हातारा सांगत होता. "कवापासनं. आज आली की इचारणार हाय, पोचली का, कुठं पोचली."

बाई पुढे सरकल्या. त्यांनी वडिलांचा हात हातात घेतला. "पोचली आप्पा. एका जागी थांबली. आता फिरत न्हाय."

म्हाताऱ्यानं हळूच हात सोडवून घेतला. रागावले नाहीत. परक्या बाईशी बोलावं तसं अदबीनं म्हणाले, "तुमास्नी काय ठावं? तिला येऊ द्या. तीच सांगंल."

मला तिथं बसवेना. बाई मात्र उठल्या नाहीत. थोड्या वेळानं त्यांनी गार झालेला चहा घेतला आणि म्हणाल्या, "व्हय. येईल ती." मग संध्याकाळपर्यंत त्या त्यांच्याशेजारी बसून राहिल्या, दोघंही दाराकडे बघत.