बाबांची परखी आणि आईची म्हैस

आमच्या बाबांची उभी हयात अंजनगावच्या धान्यबाजारात गेली. बंद पोतं दिसलं की त्यांचा हात शिवशिवतो. परखी, म्हणजे पोत्यात खुपसून दाणे काढायची लोखंडी नळी, त्यांच्या खिशात पेनासारखी असते. टोचून पाहिल्याशिवाय ते देवालाही मानणार नाहीत.

गेल्या वर्षी त्यांनी फर्मान काढलं, उन्हाळ्यात हिरवा चारा नसते, म्हैस विकू. आईचं तोंडच उतरलं. ती म्हैस वगार होती तेव्हापासून तिच्या हातची. माझ्याशी बोलत नाही इतकं आई तिच्याशी बोलते. मला राहवलं नाही. म्हटलं, "चारा मी पुरवते."

"मिरगापर्यंत पुरला त ठेवू," बाबा म्हणाले.

हिरवा मका कापला, यंत्रात दाबून बारा गठ्ठे केले, प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळले. बाबांना बजावलं, हवा शिरली की आतला मुरघास, म्हणजे मुरवलेला हिरवा चारा, सडला, हात लावू नका. आणि अकोल्याला नोकरीवर परतले. अक्कल गहाण टाकली होती मी.

मे महिन्यात सुट्टीवर आले, पहिला गठ्ठा फोडला. आत काळी बुरशी. म्हशीनं वास घेतला आणि तोंड फिरवलं. दुसरा, तिसरा, पुढचे सगळे तसेच. प्रत्येकाला सुबक गोल भोकं. येणाऱ्याजाणाऱ्याला बाबा माल टोचून दाखवत होते.

"टोचलं काहून?"

"मंग पाहुण्याले काय नुसतं प्लास्टिक दाखवू? तुयं प्लास्टिकच हलकं व."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या दिवशी त्यांनी म्हशीला गिऱ्हाईकही आणलं.

गिऱ्हाईक म्हशीचे दात पाहत होतं. आई उठली, गोठ्याच्या कोपऱ्यातल्या गोवऱ्या भराभर बाजूला फेकू लागली. खाली पाच गठ्ठे, एकही भोक नाही. बाराचे सात झाले हे बाबांना टोचायच्या नादात कळलंच नव्हतं, आणि मला रागाच्या भरात.

"तू गाडीत बसली अन् मी हे झाकले," आई मला म्हणाली. "तुया बापाले मी वळखतो."

तिनं एक फोडला. आंबूस-गोड वास सुटला आणि म्हशीनं दाव्याला हिसका दिला. बाबांचा हात सवयीनं खिशात गेला, पुढचा गठ्ठा टोचायला. आईनं तळवा पुढे केला.

"आना इकडं."

गिऱ्हाइकादेखत त्यांनी परखी दिली.

कुटारात, म्हणजे सुक्या भुशात, मिसळून तो चारा मिरगापर्यंत पुरला. म्हैस अजून दारात आहे. परखीनं आई तुंबलेली मोरी मोकळी करते.