दवातला तोडा

दव वाळल्याशिवाय संत्र्याच्या झाडाला कात्री लावायची नाही, हे काटोलकडच्या कोणाला सांगावं लागत नाही. ओलं फळ फुगलेलं असतं, साल ताठ असते. हाताचा जरा दाब पडला की सालीतलं तेल फुटतं आणि तेच तेल साल जाळतं. त्या दिवशी काही दिसत नाही. डाग उमटतात तिसऱ्या-चौथ्या दिवशी. हे मलाही माहीत होतं. माहीत नव्हतं असं मी कोणाजवळ म्हणालो असेन, तर ते खोटं.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मी नागपुरात एका संत्र्याच्या व्यापाऱ्याकडे नोकरीला होतो. आमचा माल रेल्वेने दिल्ली-कलकत्त्याला जायचा. मग मालकांनी आखातात विमानाने संत्री पाठवायचं मनावर घेतलं. इंग्रजी पत्रं, टेलेक्स, कस्टमचे कागद, विमानात मालासाठी जागा धरणं, सगळं माझ्याकडे आलं. पुढे मुंबईला ऑफिस काढलं तर तिथे तुम्हालाच बसवू, असं मालक दोनदा बोलून गेले होते. त्या बोलण्यावर मी वर्षभर जगलो.

बागेतलं काम मुकादमाकडे. माझ्याहून पंधरा-वीस वर्षांनी मोठा माणूस. तोडा, म्हणजे फळांची तोडणी, कधी सुरू करायचा, कोणतं फळ पेटीत जाणार, हे तो ठरवायचा. सकाळी बागेत शिरला की खांद्यावरच्या दुपट्ट्याचं कोरडं टोक फळावर फिरवायचा आणि ते गालाला लावून बघायचा. गार लागलं की खाली बसून विडी. कोणी घाई केली तर म्हणायचा, "सूर्य काय माह्या घरचा गडी हाय?" त्याने हात लावलेल्या मालाची पेटी काटोलच्या बाजारात कोणी उघडून पाहत नसे.

पहिला माल जायचा होता, त्याचा तोडा आदल्या दिवशी दुपारी व्हायला हवा होता. मी तो दिवस सरकारी तपासणीच्या कागदासाठी या टेबलावरून त्या टेबलावर फिरण्यात घालवला आणि बागेत निरोप धाडायचं विसरलो. साधी विसरभोळेपणाची गोष्ट. ती मालकांना सांगायची माझी हिंमत झाली नाही. पहाटे ट्रक घेऊन मीच काटोलला गेलो. विमान दुपारचं. बागेत धुकं असं की चार झाडांपलीकडचं दिसत नव्हतं, पानापानावरून पाणी गळत होतं.

"बाबूजी, दव टपकून राहिलं ना," मुकादम म्हणाला. "दहा वाजू द्या."

"दहा वाजले तर विमान गेलं."

"तं जाऊ द्या. उद्याचं नाही काय?"

"मुंबईहून आखातात जाणारं पुढचं विमान उद्या नाही. आठवड्याने आहे."

तोडायला आलेल्या बायांपैकी एक मागून म्हणाली, "विमानवाल्याले म्हना ना बाबूजी, जरा दम धर. एस्टी तं हात दाखवला का थांबते."

सगळ्या हसल्या. मला ते लागलं. मी म्हणालो, "मालकांचा निरोप आहे. तोडा सुरू करा."

असा निरोप नव्हता. मालक तेव्हा उठलेही नसतील.

मुकादमाने माझ्याकडे पाहिलं. "मालकाईनं सांगतलं?"

"हो."

"मंग ठीक हाय."

त्याने स्वतः कात्री धरली नाही. बाया तोडत होत्या आणि तो एकेकीजवळ जाऊन सांगत होता, "हळू वं बाई, अंडं समजून धर." शेडमध्ये आल्यावर एकेक फळ त्याने पुसून घेतलं. मग पतंगी कागद, मग पेटी. सोनेगावच्या विमानतळावरून विमान वर गेलं तेव्हा मालकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. फळं खरोखर सुरेख दिसत होती.

चौथ्या दिवशी टेलेक्स आला. सालीवर तपकिरी डाग, कागदाआड ओल, पुष्कळ पेट्यांत बुरशी, सगळा माल नाकारला. मालकांना इंग्रजी येत नव्हतं. मी वाचून दाखवलं. पण धंद्यात मुरलेला माणूस, डाग म्हणताच समजले.

"दवात तोडा कोनं केला?"

"मुकादमाने," मी म्हणालो. "मी पोचलो तेव्हा सुरू झाला होता."

हे दुसरं वाक्य कोणी मागितलं नव्हतं. ते मी आपणहून जोडलं.

त्याच संध्याकाळी मालकांनी मुकादमाला अंगणात बोलावून काढून टाकलं. मी आत टाइपरायटरसमोर बसून होतो. आठ दिवसांत काटोलच्या बाजारात पसरलं, मुकादमाने विमानाच्या मालाचा तोडा दवात केला. त्यानंतर कोणी त्याला बागेत उभं केलं नाही. मुंबईचं ऑफिस काही निघालं नाही. माझी नोकरी मात्र राहिली.

पाच-सहा वर्षांनी माझे वडील धंतोलीत एका दवाखान्यात होते. खाली रस्त्यावर फळांची हातगाडी. मी वाकून संत्री निवडायला लागलो आणि समोरून हात आला.

"हे नका घेऊ बाबूजी, आंबट हाय. कोन हाय दवाखान्यात?"

मुकादम. केस पांढरे, पाठ वाकलेली. वडील आहेत म्हणालो. तो चांगली फळं निवडत राहिला. मला राहवेना. "मुकादम, त्या दिवशी मी..."

"मालूम हाय मले. मालकानं तोंडावर सांगतलं ना, बाबू म्हन्ते तूनंच केला म्हनून."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"इचारलं असतं तं बोललो असतो. मले कोनी इचारलंच नाही." त्याने पिशवी माझ्या हातात दिली. "एक काम करा. काटोलच्या बाजारात एकडाव सांगून द्या, मुकादमानं नव्हता केला म्हनून. तुमचं नाव घ्याची बी जरूरत नाही. माह्ये तं गुडघे गेले, मले काम नाही पाहिजे. पन पोरगा बाजारात गेला का लोक म्हन्तात, दववाल्याचा पोट्टा आला."

"रविवारी जातो," मी म्हणालो.

रविवारी मी आधी रामदासपेठेत मालकांकडे गेलो. त्यांना सांगितल्याशिवाय कसं जायचं, अशी मी मनाची समजूत घातली होती. सगळं सांगितलं. ते ऐकून हलले नाहीत.

"मले तवाच ठाऊक होतं. तो मानूस दवात कात्री लावत नाही."

"मग त्याला काढलं का?"

"मुकादम दुसरा भेटते. टेलेक्स कोन वाचनार होता?" मग जरा चिडून, "आता काहून उकरून राहिले तुमी?"

बाहेर आलो तेव्हा मला हलकं वाटलं. या साऱ्या प्रकरणात त्या हलकं वाटण्याची मला सर्वांत जास्त लाज वाटते. मालकांना ठाऊक होतं, म्हणजे दोष काही एकट्या माझा नाही, असा हिशेब मी फाटकापाशीच जुळवला. काटोलची बस मी धरली नाही. वडील घरी आले. धंतोलीत जावं लागलं तर मी तो रस्ता टाळून लांबून जायचो.

दोन वर्षांनी एकदा टाळता आला नाही. गाडीवर त्याची बायको होती. मुकादम कुठे आहेत, विचारलं.

"गेले. पोळ्याच्या आंधी." ती माझ्याकडे निरखून पाहत राहिली. "तुमी तेच बाबूजी ना? काटोलले जानार होते?"

"हो."

"गेल्ते?"

"गेलो होतो," मी म्हणालो.

तिने तागडी खाली ठेवली. "मंग त्याईले कोनी बलावलं कसं नाही? दोन बहार वाट पाह्यली त्याईनं. तोड्याचे दिवस आले का सकायपासून दुपट्टा घेऊन बसे."

बाजारात आता जुनी माणसं राहिली नाहीत, असं काहीतरी मी बोललो. तेव्हा ती सगळी होती. थोडी अजून आहेत, आणि त्यांच्या घरांत वाचणारी मुलं आहेत. त्यांच्यापैकी कोणाच्या हाती हे पडलं, तर घरात मोठ्याने वाचावं: त्या मालाचा दवातला तोडा मुकादमाने केला नव्हता. तो नको म्हणत होता. तोडा मी करवला, मालकांचं खोटं नाव सांगून.