मास्तर खळ्यावर आले

धावडा गावच्या गिरिजेवर अन्याय झाला. पौषात, संक्रांतीच्या तिसऱ्या दिवशी, दुपारच्या सुटीच्या आधी, भर वर्गात झाला. गिरिजा माझी थोरली बहीण, वय नऊ. निजामाच्या शाळाखात्याकडून तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "शंभरात पाच किती वेळा?" ती उभी राहून म्हणाली, "एकवीस." साहेब हसले. "मुलींना घरीच बसवा मास्तर, बिलकुल वेळ घालवू नका," म्हणाले आणि हजेरीपटावर तिच्या नावावर रेघ ओढली. साहेब कुणी परके नव्हते. जुन्या जालन्यात वाढलेले, घरात आपलीच भाषा बोलणारे. शेजारी अंबादास मास्तर उभे होते. तेही गप्प राहिले. माझे लाडके मास्तर होते म्हणून मी हे झाकणार नाही.

मास्तर उंच होते, जरा वाकलेले. कुणी आकडा सांगितला की डोळे मिटायचे. वाटायचं, तो आकडा लांबून, उन्हातून चालत येतोय आणि मास्तर त्याची वाट बघतायत. पोरं कुजबुजायची, "झोपले!" मास्तर डोळे न उघडता म्हणायचे, "जल्दी न्हाई. येऊ द्या त्याला."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आमच्या खळ्यावर आले. धुकं अजून हललं नव्हतं. कडब्याच्या गंजी अधांतरी तरंगल्यासारख्या दिसत होत्या, आणि दहिवरानं भिजलेल्या धाटांचा गोडसर वास सगळीकडे साचला होता.

"या मास्तर," वडील म्हणाले. "झालं ते झालं. पोरगी आता कामाला लावली. शाळा बंद."

मास्तर गंजीकडे वळले. गिरिजेला म्हणाले, "मला एक शेकडा मोजून दाखव, बाई."

आमच्याकडे कडबा पाचुंद्यानं मोजतात. पाच पेंढ्या, एक पाचुंदा. गिरिजा मोजू लागली. ती धुक्यात जायची, यायची. कधी कधी नुसता आवाजच यायचा. सतरा. अठरा. वीस झाले तरी ती थांबली नाही. आणखी एक पाचुंदा उचलून तिनं वाटेच्या कडेला ठेवला आणि म्हणाली, "शेकडा भरला."

"हा एकविसावा कुणाचा गं?"

उत्तर आईनं दिलं. "वाटंवरच्या गुरांचा. जाती-येती गुरं काय उपाशी जातील? माझ्या सासूनं असंच मोजलं, मीबी असंच मोजून राह्यले. त्याच्याबिगर शेकडा भरत न्हाई, मास्तर. एवढं शिकवलं न्हाई का तुम्हाला?"

मास्तरांनी डोळे मिटले. या वेळी फार वेळ मिटले. मग ते तिथंच कडब्यावर बसले.

"न्हाई शिकवलं, आक्का. दोन साल झाले या गावात, अन् मी एकदाबी खळ्यावर आलो न्हाई."

"म्हंजी साहेब चुकले?" वडिलांनी विचारलं.

"साहेब बराबर. गिरिजाबी बराबर. कोणता शेकडा, ते कुणी विचारलंच न्हाई. ते माझं काम होतं." मग आईकडे वळून म्हणाले, "उद्या शाळेत या आक्का. कडबा घेऊन या."

"मी? मला सही येत न्हाई. पोरं हसतील."

"हसू द्या. मला तर रोजच हसतात."

आई आली. डोक्यावर भारा, मागं शेजारची चंद्रभागाकाकू, तिच्याही डोक्यावर भारा. शाळेच्या अंगणात एकवीस पाचुंदे मांडले. मास्तरांनी एक उचलून बाजूला केला. "हा शाळेचा शेकडा. जाफराबादेत जा, हैदराबादेत जा, एवढाच."

आईनं निरखून पाहिलं. "लईच चिकट शेकडा हाय तुमचा!"

सगळी शाळा हसली, मास्तर सगळ्यांत जास्त. मग आईच विचारू लागली, "चार शेकडे कडबा. पेंढ्या किती?"

पोरं बोटांवर मोजत बसली. गिरिजा म्हणाली, "घरच्या चारशे वीस. शाळेच्या चारशे."

कुंपणाबाहेर वडील बैल धरून ऐकत उभे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी गिरिजेला शाळेत त्यांनीच सोडलं, आणि मास्तरांनी तिचं नाव पुन्हा लिहिलं.

मग दर बाजाराच्या दुसऱ्या दिवशी कुणाची तरी आई शाळेत यायची. कुणी भाकरी मोडून पाव, अर्धी, पाऊण दाखवायची. कुणी गोधडीचे तुकडे जुळवायची. आणि आमच्या चुलीपुढं आई शाळेतली गणितं विचारायची. मास्तर म्हणायचे, "आकडा घरून येतो. शाळेत तो फक्त बसायला शिकतो."

फाल्गुनात हुकूम आला. परवानगीशिवाय नाव चढवलं, बायांना वर्गात बसवलं, म्हणून मास्तरांची नोकरी गेली. एवढाच गुन्हा! मास्तर गाडीत बसत होते तेव्हा आईनं विचारलं, "आता पोरांना कोण शिकवंल?"

"अर्धं तर तुम्हीच शिकवून राह्यल्या, आक्का."

गाडी पांढऱ्या धुळीत शिरली. धूळ बराच वेळ उभी राहिली, मग खाली बसली, आणि रस्ता रिकामा होता. मास्तर पुन्हा कधी दिसले नाहीत.

नवे मास्तर गिरिजेचं नाव काढायला निघाले तेव्हा वडील वर्गात जाऊन मांडी घालून बसले. "आधी तिला मोजायला लावा. मंग काढा." तिनं मोजून दाखवलं. नाव राहिलं. गिरिजा चौथी पास झाली.

आता निजामी संपली. झेंडा बदलला म्हणून शाळेची रीत आपोआप बदलत नाही. मास्तरहो, या आठवड्यात एका तरी पोराच्या घरी जा. सांगायला नको, विचारायला जा. आणि आईबापांनो, शाळेच्या दाराशी चपला हातात घेऊन उभे राहू नका. आत जा. बसा. पोरगं गणित कसं करतं ते बघा, आणि तुम्ही कसं करता ते मास्तरांना दाखवल्याशिवाय उठू नका.