श्रीखालची लायब्ररी

नागपूरहून आलेल्या माणसाला आमच्याकडे आधी खुर्ची मिळायची, मग चहा मिळायचा, आणि त्याला काही येतं की नाही हे विचारायची वेळच यायची नाही. पांढुर्ण्याच्या ज्या कापसाच्या जिनिंगमध्ये मी नोकरीला लागलो, तिथे अशा एका माणसाला सगळे नुसतं 'साहेब' म्हणायचे. संगणक त्याने विकला होता, तेवढ्यावर तो साहेब.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. शेठजींनी संगणकासाठी काचेची खोली बांधली, तिच्यात एसी बसवला आणि दारात चपला काढायची पाटी लावली. शेठजींची स्वतःची गादी पंख्याखाली होती. मोहगावच्या आमच्या घरात बी.एस्सी. झालेला मी पहिला. वर नागपूरला संगणकाचा कोर्स केलेला. वडील संत्र्याच्या बागेत येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "आपला पोरगा मशीनीवर बसते." मी बसत होतो खरा, पण कच्चा. शेठजींनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "लाभपंचमीले कापसाच्या खरेदीचा मुहूर्त आहे. वजनकाट्याची पावती मशीनीतून निघाली पायजे. निघाली तर तू पक्का. नाही निघाली तर साहेब पाहून घेतील, तू आपला बाग पाह्य."

पावतीचा प्रोग्राम मी लिहिला होता. छपाईसाठी शेठजींनी एक लायब्ररी विकत आणली होती. लायब्ररी म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेले तयार तुकडे. आपला मजकूर आणि ते तुकडे जोडून चालता प्रोग्राम करायचं काम 'मेक' नावाच्या हत्याराचं. कोणते तुकडे कुठून उचलायचे, हे त्याला एका फाइलीत लिहून द्यावं लागतं. दिवाळीआधी माझं सगळं जुळलं होतं. पावतीवर वजनाच्या जागी नुसती शून्यं येत होती, तेवढं सुधारायचं बाकी होतं. ते आल्यावर करू म्हणून मी मोहगावला गेलो.

परतलो, वजन सुधारलं, मेक चालवलं. पडद्यावर आलं : लायब्ररी सापडत नाही.

"मशीनीले कोणी हात लावला का?" मी दिवाणजींना विचारलं. दिवाणजी म्हणजे शेठजींचे जुने हिशेबनीस. नव्या वहीचं पहिलं पान त्यांच्याच हातचं असायचं.

"हात काहून लावीन कोणी? पूजा झाली," ते म्हणाले. "लक्ष्मीपूजनाले वह्यांसंगं मशीनही मांडली होती. शेठजींनी विचारलं, वहीवर वरती श्री असते, हिच्यात कुठी आहे? तं साहेबांनी बसवून देली."

साहेबांनी काय केलं होतं ते मी पाहिलं. इंग्रजी अक्षरांत श्री नावाचा एक कप्पा डिस्कवर उघडला होता आणि वर्षभरात विकत घेतलेली लायब्ररी जुन्या जागेवरून उचलून त्याच्या पोटात टाकली होती. नवा माल आधी श्रीच्या खाली, मग वापरात. पूजा झालेली वही मुहूर्तापर्यंत उघडत नाहीत, तसा हा कप्पाही कोणी उघडायचा नाही, असा शेठजींचा हुकूम होता.

आता श्रद्धेबद्दल मला काही म्हणायचं नाही. शेठजींना मशीन म्हणजे वही वाटली, ते मी समजू शकतो. पण साहेबाला? ज्याने कार्डावर नावापुढे अर्धा डझन इंग्रजी अक्षरं छापली होती, त्याने शेठजींच्या तोंडावरची खुशी पाहून सामान हलवलं, नारळाचा प्रसाद खाल्ला आणि गाडी पकडली.

शेठजींनी नागपूरला ट्रंक कॉल लावला. साहेब सकाळच्या पॅसेंजरने उतरले, टाय लावून. काचेच्या खोलीत बसून त्यांनी पडदा पाहिला, मग मला पाहिलं.

"तुम्ही काहीतरी उडवलेलं दिसतंय."

"मी नव्हतोच, साहेब. तुम्ही लायब्ररी हलवली."

"हलवली, आणि तिचा पाथही दिला. हे बघा." खरंच, मशीन सुरू होताना चालणाऱ्या फाइलीत पाथच्या ओळीत त्यांनी श्रीचा पत्ता जोडला होता. "म्हणजे लायब्ररीच खराब झाली. तुमच्याकडे धूळ फार. नवीन मागवावी लागेल."

मला हसू आवरलं नाही. पाथची ओळ असते कमांड शोधायला. मेक आणि त्याच्या हाताखालचा जोडणारा लिंकर लायब्ररीसाठी तिकडे ढुंकूनही पाहत नाहीत. त्यांना वेगळं सांगावं लागतं. कोर्सच्या पहिल्या महिन्यात हे शिकवतात. साहेबाचा तो महिना कदाचित टाय बांधायला शिकण्यात गेला असेल.

"हसू नका," साहेब म्हणाले. "तुमच्या गावात दगड मारून प्रश्न सोडवतात असं ऐकलंय. मशीनवर तसं चालत नाही."

"दगड आम्ही गोटमारीच्या दिवशी नदीपलीकडच्या सावरगावसाठी ठेवतो, साहेब. इथे एक ओळ पुरते."

शेठजी दारात, चपला काढून उभे होते. त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे श्रीमुळं अडलं, असं म्हणून राहिला का तू?"

दिवाणजींनी मला डोळ्यांनी खूण केली, गप राह्य. गप राहिलो असतो तर साहेबाने नवीन लायब्ररी मागवली असती, मुहूर्त टळला असता आणि मी बागेत.

"श्रीमुळं नाही, शेठजी. साहेबांमुळं. त्यांनी सामान कोठीतून काढून देवघरात ठेवलं अन् हमालाले सांगितलंच नाही. हमाल कोठीतच शोधून राहिला."

"तं मग आता श्री काढतो का?"

"नाही. हमालाले देवघर दाखवतो."

मेकची फाइल माझी होती, तिला हात लावायला कोणाची परवानगी लागत नव्हती. जुना पत्ता खोडला, श्रीच्या आतला पत्ता लिहिला. मेक चालवलं. लिंकरने लायब्ररी उचलली आणि चुपचाप काम केलं. छपाईयंत्र करकरलं, पावती निघाली. वजन बरोबर होतं.

शेठजींनी पावती हातात घेतली, कपाळाला लावली. मग साहेबांकडे वळून म्हणाले, "तुमच्या हातानं श्री बसली, म्हणूनच निघाली बरं का साहेब." साहेबांनी मान झुकवून ते घेतलं. लाज नावाची गोष्ट नागपूरहून येणाऱ्या पॅसेंजरने त्या दिवशी आणली नव्हती.

शेठजींनी साहेबांना संत्र्याची पेटी भेट दिली. साहेब निघताना शेठजी मला म्हणाले, "तू पक्का. पंचमीपासून तूच बस. जा, आता पेटी स्टेशनवर पोचवून दे साहेबांची."

"पेटीले फाटकावर माणूस आहे, शेठजी. मी मशीनीवर बसतो."

साहेब घड्याळ पाहत होते. दिवाणजी खाली मान घालून वहीला गोंडा बांधत होते आणि त्यांचे खांदे हलत होते. शेवटी शेठजींनीच फाटकाकडे हाक मारली.

पुढच्या दिवाळीला विकत आलेली प्रत्येक लायब्ररी श्रीच्या खाली गेली. साहेब येऊन बसवून गेले, प्रसाद खाऊन गेले. मी मोहगावहून परतलो, खुर्चीवर बसलो आणि मेकच्या फाइलीत नवा पत्ता लिहिला.