हे काय, आलंच!

बंदरावर आमच्या काकांना सगळे ‘आलंच’ म्हणतात. क्रूझवरून उतरलेले प्रवासी गाडीत भरायचे, आणि शहर किती लांब असं कोणी विचारलं की म्हणायचं, “हे काय, आलंच!” मग कंटेनरचे ढीग, फाटकं, उड्डाणपूल संपता संपत नाहीत. चौकात माणसं उतरवली की काका तसेच माघारी. घरीही तेच. जहाजाचा भोंगा वाजला की हातातला घास ताटात टाकून दारातून ओरडणार, “आलोच!” काकू दुपारभर ताट झाकून बसणार. बूड म्हणून टेकत नाही या माणसाचं!

परवा काकू ठेवणीतल्या चपला घालून प्रवाशांबरोबर गाडीत बसली. चौकात सगळे उतरले, तशी तीही उतरली.

काका गडबडले. “अगं, कुठे निघालीस?”

“इतकी वर्षं लोकांना इथे आणून सोडताय. बघू तरी काय आहे ते.”

“आणि मी? तिकडे माणसं खोळंबलीत!”

“आलेच!” म्हणत काकू गर्दीत शिरली.

काका किल्ली या हातातून त्या हातात करत गाडीपाशी उभे राहिले. ‘आलेच’ म्हणजे किती वेळ, हे त्यांच्याइतकं पक्कं कोणाला ठाऊक?